अक्षरओळखीत अडखळणारे मूल

जून महिन्यात पहिलीच्या एकाच बाकावर बसलेली दोन मुले दिवाळीच्या सुटीपर्यंत एकमेकांपासून किती दूर जातात, हे प्राथमिक शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. एक मूल पाटीवर 'कान', 'नाक' लिहून आपले आपण वाचू लागते. दुसरे अजून 'क' कोणता आणि 'फ' कोणता याच घोळात असते. दोघांच्या घरची परिस्थिती सारखी, शाळेतील उपस्थिती सारखी. खेळात, दुकानातून सामान आणण्यात, निरोप सांगण्यात दुसरे मूल तसूभरही कमी नसते. तरीही वर्ष सरता सरता त्याच्या नावामागे 'मठ्ठ', 'आळशी', 'लक्ष नाही' यांपैकी एखादे विशेषण चिकटते, आणि अक्षरे पाठ होण्यापूर्वी ते विशेषण त्याला पाठ होते.

ही बाब एका मुलाची किंवा एका घराची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिसरीपासून पुढे परिसर अभ्यास, गणितातील शाब्दिक उदाहरणे, इतिहास, भूगोल हे सारे वाचूनच शिकावयाचे असते. जे मूल वाचू शकत नाही ते भाषा या एका विषयात नव्हे, तर सर्वच विषयांत मागे पडते आणि पुढे कधीतरी शाळेकडे पाठ फिरवते. त्या वेळी गळतीच्या नोंदवहीत कारण म्हणून 'घरकाम' वा 'स्थलांतर' लिहिले जाते. खरे कारण पुष्कळदा पहिलीतील पाटीवर असते. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे हे उद्दिष्ट ठेवण्यात आले, त्यामागे हाच विचार होता. उद्दिष्टाविषयी दुमत नाही. अडखळणाऱ्या मुलाशी उद्या सकाळी वर्गात नेमके काय करावयाचे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अडचण बहुधा आवाजांची

अक्षर ही डोळ्यांनी पाहण्याची वस्तू असल्यामुळे ते न येणे हा पाहण्याचा किंवा लक्ष देण्याचा दोष आहे, असे मानण्याकडे आपला कल असतो. त्यामुळे एकच अक्षर शंभर वेळा गिरवून घेण्याचा उपाय घरोघरी आणि शाळोशाळी चालतो. शंभर वेळा गिरवल्यावर मुलाला 'भ' हुबेहूब काढता येतो. परंतु दुसऱ्या दिवशी धड्यात तोच 'भ' समोर आला म्हणजे ते शिक्षकांच्या तोंडाकडे पाहते. हात शिकला, पण तो आकार कोणत्या आवाजाची खूण आहे हे मनात ठसले नाही.

लहान मूल बोलताना शब्दाचा अर्थ ऐकते, आवाज ऐकत नाही. 'पाऊस' म्हणजे अंगणात पडणारे पाणी. तो शब्द 'पा', 'ऊ', 'स' अशा तुकड्यांचा झालेला आहे, हे त्याच्या गावीही नसते. अक्षर मात्र या तुकड्यांची खूण आहे. शब्द फोडता येतो हे ज्याला उमगले त्याला अक्षर शिकवणे सोपे. ज्याला ते उमगलेले नाही त्याच्या दृष्टीने फळ्यावरील सर्व आकार सारखेच निरर्थक. बहुतेक मुले हे गाणी म्हणता म्हणता, भेंड्या खेळता खेळता नकळत शिकतात. काही मुलांना ते दाखवून द्यावे लागते. शब्दातील आवाज वेगळे ओळखण्याची ही क्षमता आणि पुढील वाचन यांचा निकटचा संबंध निरनिराळ्या भाषांच्या अभ्यासकांना आढळून आला आहे.

मराठीत येथे आणखी एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण 'कमळ' असे तीन अक्षरी लिहितो, पण बोलताना 'क-मळ्' असे दोनच ठेके पडतात. 'कोथिंबीर' लिहिताना चार अक्षरे, उच्चारताना तीन ठेके. शिक्षकांनी 'कमळ'साठी टाळ्या वाजवावयास सांगितल्या आणि मुलाने दोन वाजवल्या, तर ते चुकलेले नाही. त्याचा कान शाबूत असल्याचीच ती खूण आहे. अशा वेळी 'चूक, तीन हव्यात' असे म्हणण्याऐवजी 'आता सावकाश म्हणू, क... म... ळ' असे म्हणून लिहिण्याची चाल आणि बोलण्याची चाल यांतील फरक दाखवावा. प्रारंभी तर 'मामा', 'काका', 'पाटी', 'भाकरी' असे ज्यांत हा पेच नाही तेच शब्द घ्यावेत.

देवनागरीचे स्वतःचे पेच

देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे, जसे बोलावे तसे लिहावे, तेव्हा मराठी मुलाला वाचनाची अडचण कशी येईल, असा प्रश्न विचारला जातो. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट गाजला आणि वाचनातील अक्षमता हा विषय घरोघरी पोचला. पण त्यातील मुलगा शहरातील, इंग्रजी शाळेतील होता. त्यामुळे हे दुखणे इंग्रजीचेच आहे असाही कित्येकांचा समज झाला. वस्तुस्थिती तशी नाही.

आपली लिपी नियमबद्ध आहे खरी, परंतु तिच्यात चिन्हे फार. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेहून अधिक रूपे होतात, आणि जोडाक्षरे त्यांवेगळी. इंग्रजी मुलाला ओळखावयाची मूळ अक्षरे अवघी सव्वीस. आपल्याशी साम्य असलेल्या कन्नड लिपीतील वाचनाविषयी सोनाली नाग यांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अक्षरांवर पूर्ण प्रभुत्व येण्यास मुलांना प्राथमिक शाळेतील कित्येक वर्षे लागतात असे दिसून आले. पहिलीच्या नाताळापर्यंत बाराखडी 'संपवण्याची' घाई करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आकारांच्या सारखेपणामुळे होणारा गोंधळ सर्वांच्या परिचयाचा आहे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ट, ठ आणि ढ. 'ख'ची दोन अंगे सुटी पाहून मूल ते 'रव' वाचते. ही अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नयेत, एवढी साधी काळजी घेतली तरी पुष्कळ काम होते. 'घ' पक्का झाल्यावर महिन्याभराने 'ध' आणावा. भिंतीवरील तक्त्यात 'ल' आणि 'श' एका वळणाचे आणि पुस्तकात दुसऱ्या वळणाचे, असेही अनेक वर्गांत दिसते. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेतील अक्षरांची प्रमाण वळणे निश्चित करून दिली, तरीही बाजारातून आणलेले तक्ते तपासून न घेता टांगले जातात. अडखळणाऱ्या मुलाला ती दोन निराळी अक्षरे वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही.

ऱ्हस्व इकार ही खरी कसोटी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि आवाज मागून येतो. डावीकडून उजवीकडे वाचावे हे नुकतेच शिकलेले मूल येथे हमखास थबकते. रफाराचे तसेच. 'सूर्य' म्हणताना 'र्' आधी ऐकू येतो आणि कागदावर तो 'य'च्या डोक्यावर बसतो. 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या' यांत पुन्हा त्याची रूपे निराळी. शिवाय 'चाक'मधील 'च' आणि 'चंद्र'मधील 'च' यांचे उच्चार वेगळे, अक्षर एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लेखन एकच. हे सारे अपवाद मुलाला समजावून सांगण्याची गरज नाही. शिकवणाऱ्याला ते ठाऊक असले म्हणजे मूल कोठे आणि का अडले हे त्याला कळते, आणि रागावण्याचे प्रसंग कमी होतात.

आधी कान, डोळे आणि बोली

शिकवण्याची पद्धत बदलण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. मुलाला ऐकू नीट येते का आणि दिसते का, हे पाहावे. वारंवार सर्दी होणाऱ्या, कान फुटणाऱ्या मुलांच्या कानात मधूनमधून पाणी साठते आणि त्या काळात ऐकणे मंदावते. हाक मारली तर मूल वळून पाहते, म्हणून आईवडिलांना शंका येत नाही. पण 'स', 'फ', 'थ' यांसारखे हलके आवाज त्याच्यापर्यंत धड पोचलेले नसतात. जे ऐकूच आले नाही त्याचे अक्षर कसे ओळखावे? दूरदर्शन संचाचा आवाज मोठा करणे, बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत राहणे, सांगितलेले 'काय?' म्हणून पुन्हा विचारणे, डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणे, पुस्तक नाकाशी धरणे, या खुणा वर्गात सहज दिसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. पथक येईल त्या दिवशी वाचनात अडखळणाऱ्या मुलांची यादी शिक्षकांनी हाती ठेवावी आणि त्यांच्या कानांची व डोळ्यांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. तपासणीच्या दिवशी नेमके हेच मूल गैरहजर होते, असे पुढे सांगण्याची वेळ येऊ नये.

बोलीचा प्रश्न निराळा आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात अनेक घरी 'डोळा' हा 'डोया' असतो, आणि राज्यभर असंख्य घरांत 'पाणी' हे 'पानी' असते. हा उच्चारदोष नव्हे आणि अक्षमता तर नव्हेच. मूल आपल्या आईची भाषा बिनचूक बोलत असते. 'ळ' शिकवताना 'तू डोया म्हणतोस, पुस्तकात तो असा लिहितात' एवढे म्हणणे पुरे. चार मुलांदेखत त्याची बोली सुधारत बसू नये. वारली, कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या घरांतील मुलांना तर अक्षर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी नवी असतात. त्यांच्याशी आवाजांचे खेळ त्यांच्याच बोलीतील शब्दांनी सुरू करावेत. अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस त्या पाड्यावरची असेल तर या कामी तिच्याएवढा जाणकार दुसरा नाही.

पाच अक्षरे आणि एक काना

प्रत्यक्ष शिकवण्याचा भाग खर्चाचा नाही. मात्र तो रोज झाला पाहिजे. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा दररोज पंधरा मिनिटे अधिक गुणकारी ठरतात, आणि ती मूल ताजेतवाने असताना, म्हणजे शाळेच्या पहिल्या प्रहरात द्यावीत. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलेले मूल त्याला शिक्षाच समजते.

पहिले काही दिवस पाटी-पेन्सिल बाजूला ठेवावी आणि केवळ तोंडाने खेळावे. 'कावळा, कणीस, बैल' यांत वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द कोणता? 'म'ने सुरू होणारी स्वयंपाकघरातील वस्तू कोणती? हे जमू लागले म्हणजे थोडे पुढे जावे. 'कपाट'मधला 'क' पळाला, काय उरले? 'पाट'. 'विमान'मधला 'वि' उडाला, उरली 'मान'. 'सकाळ'मधून 'स' काढला की 'काळ'. मुलांना यात विलक्षण गंमत वाटते. ज्या मुलाला फळ्यासमोर उभे राहण्याची धास्ती वाटते तेही यात हिरिरीने भाग घेते, कारण येथे लिहावयाचे काहीच नसते. गावांच्या नावांच्या भेंड्या हा तर घरबसल्याचा खेळ. शेवटचा आवाज पकडून नवा शब्द शोधावयाचा, म्हणजे आवाज वेगळा काढण्याचाच सराव. आजीआजोबांनी रात्री जेवणानंतर तो खेळावा. त्यांना स्वतःला वाचता येत नसले तरी काही अडत नाही.

त्यानंतर अक्षरे घ्यावीत, पण 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने नव्हे. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत सुंदर आहे आणि तो पुढे अवश्य यावा. परंतु ओळीने शिकवल्यास बरीच अक्षरे येऊनही मुलाला वाचण्याजोगे काही हाती लागत नाही. त्याऐवजी न, क, म, ल, र ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घेऊन पाहावे. कान, नाक, मान, काम, रान, लाल, काका, मामा, मका, माल, कमान, मकान: बारा शब्द तयार झाले, आणि त्यांतील बहुतेक मुलाच्या अंगावर, घरात वा शेतात आहेत. दुसऱ्या आठवड्यात आपण 'वाचतो' आहोत हे त्याला कळते. हे कळणे औषधासारखे असते. पाचातील एखादे अक्षर डळमळीत असेल तर सहाव्याकडे जाऊ नये. वर्ग कोठवर गेला आहे याची चिंता त्या पंधरा मिनिटांपुरती सोडावी.

अक्षर डोळ्यांनी पाहावे, तोंडाने म्हणावे आणि बोटाने गिरवावे, हे तिन्ही एकाच वेळी घडावे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत यासाठी खरखरीत कागदाची अक्षरे वापरतात. आपल्याकडे धूळपाटीवर बोटाने अक्षर काढण्याची आणि दसऱ्याला ताटातील तांदळात अक्षर गिरवण्याची रीत याहूनही जुनी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी जे कार्य केले, त्यात परदेशी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंवर भर होता. चिंचोके मांडून केलेला 'म' हे साधन आजही कोणत्याही गावात फुकट मिळते. आवाज न करता मुकाट्याने शंभर वेळा गिरवणे आणि 'म... म...' म्हणत वाळूत पाच वेळा गिरवणे, यांत दुसरे अधिक फळते.

सहा-सात वर्षांपर्यंत एखादे अक्षर उलटे काढणे सर्रास आढळते. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात बदलण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये.

अक्षमता आणि प्रमाणपत्र

वरीलप्रमाणे तीन-चार महिने नियमित प्रयत्न होऊनही काही मुले पुढे सरकत नाहीत. कान-डोळे ठीक, बुद्धी चांगली, शाळेत उपस्थिती चांगली, तरीही आवाज आणि अक्षर यांची गाठ बसत नाही. घरातील काका, मामा किंवा वडील यांनाही लहानपणी वाचन जड गेले होते, असे चौकशीत पुष्कळदा कळते. हे विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे लक्षण असू शकते. ती मंदबुद्धी नव्हे, आणि गोळ्याऔषधांनी बरा होणारा आजारही नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, त्यांत ही अक्षमता आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी भारतीय भाषांतील चाचण्या तयार करून २०१५ मध्ये उपलब्ध केल्या, आणि त्यांत मराठीचा अंतर्भाव आहे. इंग्रजी चाचणीवरून मराठी माध्यमाच्या मुलाची पारख करण्याचे कारण उरलेले नाही.

येथे एक अडचण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय देण्यात येत नाही. घाईने शिक्का बसू नये म्हणून ती मर्यादा योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ व्यवहारात असा लावला जातो की, आठव्या वर्षापर्यंत काही करावयाचे नाही. सहा ते आठ ही दोन वर्षे तर वाचन शिकण्याची मुख्य वर्षे! प्रमाणपत्र परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी लागते. वाळूत अक्षर गिरवण्यासाठी आणि दररोज पंधरा मिनिटे देण्यासाठी ते लागत नाही. मदत आधी सुरू करावी, निदान यथावकाश होऊ द्यावे.

गावाने आणि कार्यालयाने काय करावे

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या सभेत खोल्यांची दुरुस्ती, पोषण आहार, संरक्षक भिंत यांवर चर्चा होते आणि ती आवश्यकही आहे. दर तिमाहीस 'दुसरीतील किती मुले साधा परिच्छेद वाचतात, किती मुले अक्षरापाशीच थांबली आहेत' हा एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. मुलांची नावे सभेत वाचू नयेत. संख्या पुरेशी आहे. याच अधिनियमाच्या सतराव्या कलमान्वये मुलाला शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रास देण्यासही मनाई आहे. वर्गासमोर 'मठ्ठ' म्हणणे त्यात मोडते, हे शिक्षकांनी आणि तितकेच पालकांनीही लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात अंगणवाडीसाठी चित्रांची पुस्तके, वाळूचे ताट, लाकडी अक्षरे यांसाठी थोडी रक्कम सहज बसते. एका हातपंपाच्या दुरुस्तीहून हा खर्च मोठा नसावा. गावातील बारावी झालेल्या मुलीने रोज अर्धा तास चार मुलांबरोबर शब्दांचे खेळ खेळण्याची तयारी दाखवली, तर तिला शाळेतील एक कोपरा आणि सन्मान दोन्ही द्यावेत.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांच्या भेटीत वह्यांचे ढीग तपासले जातात. सुवाच्य अक्षरांनी भरलेली वही पाहून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण ती फळ्यावरून उतरवलेली असू शकते. त्याऐवजी शेवटच्या बाकावरील एका मुलाला जवळ बसवून, वर्गातील इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, चार ओळी वाचावयास सांगाव्यात. भेटीच्या शेऱ्यात शिक्षकांवर ताशेरा ओढण्याऐवजी ते मूल कोणत्या अक्षरापाशी किंवा कोणत्या खुणेपाशी अडते, हे लिहावे. पुढच्या भेटीत तेथूनच सुरुवात करता येते.

ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी तर अशी नोंद सर्वांत महत्त्वाची. हे मूल दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसते. तेथील शिक्षकांना ते काय शिकले आहे याची कल्पना नसते, म्हणून त्याला पुन्हा 'अ'पासून आरंभ करावा लागतो. परत आल्यावर गावचा वर्ग बाराखडीच्या पलीकडे गेलेला असतो. दोन्हीकडे ते मागेच. निघताना वर्गशिक्षकांनी एका कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: कोणती अक्षरे पक्की, कोणती डळमळीत, काना येतो की नाही, वेलांटीपाशी थांबते का, कान तपासले आहेत का. हा कागद दप्तरात न ठेवता आईजवळ द्यावा आणि तो कोणाला दाखवावयाचा हे तिला समजावून सांगावे.